थोरलीची वाट

घरात एकटीच लेक असून तिला सगळे धाकटी म्हणत. लग्न झालं, केसांत चंदेरी तारा दिसू लागल्या, कामाच्या ठिकाणी लोक मॅडम म्हणू लागले, तरी वडिलांच्या तोंडी ती धाकटीच राहिली. धाकटी आहे म्हणजे कधीतरी थोरलीही असणार, हे कोणालाही कळावं. पण त्या घरात थोरलीचा विषय निघत नसे. ती होती आणि मग नव्हती. मधलं काय ते आई मनात ठेवूनच गेली, आणि अण्णा तर मुळातच दगडासारखे गप्प.

त्या दुपारी धाकटी करत होती ते काम अगदी साधं होतं. कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात एक जास्तीचा विमानतळ बसवायचा होता.

हे विमानाचं वेड मूळचं तिच्या नवऱ्याचं. नवरा जहाजावर इंजिनिअर, महिनोन्महिने समुद्रात. घरी असताना तो सिम्युलेटर लावून बसायचा, हातात खऱ्यासारखी दांडी धरून कॉम्प्युटरवरची विमानं चढवायचा-उतरवायचा. तो गेला की यंत्रावर धूळ बसायची. एकदा ती धूळ पुसता पुसता धाकटी सहज खुर्चीवर बसली आणि बसलीच. कानांच्या दवाखान्यात ती ऐकू येण्याची तपासणी करायची. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. सकाळभर दुसऱ्यांच्या कानांत डोकावून आलेल्या बाईला दुपारी थोडं आभाळ मिळालं तर हवंच असतं. नवरा फोनवर म्हणायचा, "मी पाण्यात, तू हवेत. जमिनीवर एकटा म्हातारा."

म्हातारा म्हणजे अण्णा, धाकटीचे वडील. जन्म गेला तो विमानतळाच्या अग्निशमन दलात, बंबावर. त्यांचा तो छोटा विमानतळ कधीच बंद पडला होता. गावाबाहेर नवा मोठा झाला आणि जुन्याच्या जागेवर गोदामं उभी राहिली. अण्णा लेकीकडे राहायला आले आणि हळूहळू कानांनी गेले. धाकटीने स्वतःच त्यांची तपासणी केली होती. डावा कान पार बंद. उजव्यात जवळ तोंड नेऊन ओरडलं तर काही शब्द जायचे. कानाचं मशीन तिने हौसेने आणून दिलं, पण ते डबीत असायचं आणि डबी कपाटात. ऐकण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

तर, जगभरचे विमानतळ हिंडून झाल्यावर धाकटीला आपण जिथल्या क्वार्टर्समध्ये जन्मलो तो विमानतळ शोधावासा वाटला. सिम्युलेटरमध्ये तिथे गोदामांची पत्र्याची छपरं तेवढी दिसत होती. पण अशा वेड्यांची एक साइट असते. कोणी आपल्या गावचा विमानतळ हाताने घडवतो आणि फुकट वाटतो. तिथे कोणा अनामिकाने तो जुना विमानतळ बंद होण्याआधी होता तसा बनवून ठेवलेला होता. ना नाव, ना फोटो. खाली ना कोणाचं कौतुक, ना तक्रार.

तिने फाइल उतरवून घेतली, उलगडली आणि ते फोल्डर सिम्युलेटरच्या पोटात नेऊन ठेवलं. मग सिम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू केला. पडद्यावरची पट्टी सावकाश भरत राहिली. खिडकीबाहेर आभाळ मळकट होतं, रस्त्यावरचे आवाज दबल्यासारखे येत होते. कॉम्प्युटरची खोली दारातून आत आल्यावर उजव्या हाताला होती. समोरच्या खोलीत अण्णा दुपारचे आडवे झाले होते.

पट्टी भरली आणि पडद्यावर विमानतळ आला. धाकटी पुढे झुकली आणि तशीच राहिली.

सगळं होतं. एकच धावपट्टी, मध्यभागी डांबराचं ठिगळ. बुटका नियंत्रण मनोरा. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा, टोकाला फाटलेला. बंबाची शेड, तिच्या बाहेर लाल बंब. धावपट्टीच्या पलीकडे क्वार्टर्सची बसकी ओळ, आणि या दोहोंमध्ये कमरेइतकं वाढलेलं पिवळं गवत. ती लहान असताना हे सगळं सुटलं होतं. आठवणीत नुसते तुकडे होते. इथे ते तुकडे सांधून कोणीतरी समोर मांडले होते. तिने विमान बाजूला ठेवून माणसाच्या उंचीवरून चालणारा कॅमेरा लावला आणि गवताच्या कडेकडेने निघाली. हेडफोन टेबलावरच पडले होते. स्पीकर बंद होते.

"कोणी हाक मारली?"

अण्णा दारात उभे होते. झोपेतून उठून आलेले, एक हात चौकटीवर.

तिने मान हलवून कोणी नाही म्हटलं. पण त्यांचं लक्ष आता पडद्याकडे गेलं होतं. ते भिंतीच्या आधाराने पुढे आले, तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले, आणि बऱ्याच वेळाने बोट पुढे करून म्हणाले, "हा माझा बंब."

पुढचे काही दिवस त्या घरात दिवाणखान्यापेक्षा त्या खोलीतच जास्त बोलणं झालं. धाकटी कामावरून आली की अण्णा स्टुलावर वाट पाहत असायचे. वर्षानुवर्षं न उघडलेलं तोंड उघडलं. बंबाचा कुठला गिअर अडायचा, कुठला साहेब कोणत्या खिडकीत बसून डुलक्या काढायचा, सगळं ऐकवून झालं. विमान उतरायच्या आधी धावपट्टीवर शेळ्या यायच्या आणि त्यांना हाकलायला बंब न्यावा लागायचा. आगीपेक्षा शेळ्यांसाठीच तो जास्त धावला. अण्णा म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब पुष्कळ पाहिले. बंबावरून शेळ्या हाकणारा मी एकटाच." धाकटी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाला आपण परत मिळवलं, असं तिला वाटलं. आणि तेवढे चार दिवस तरी ते खरं होतं.

मग धुकं आलं.

सिम्युलेटरमध्ये हवा आपल्या हातात असते. तिने स्वच्छ ऊन लावलं होतं. तरी धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडून गवतावर पांढरं काहीतरी पसरू लागलं आणि बघता बघता मनोरा अर्धा बुडाला. तिने पुन्हा ऊन लावलं. धुकं हललं नाही. फुकटच्या वस्तूत खोट असायचीच, असं ती मनाशी म्हणाली. अण्णांनी मात्र टेबलावरचे हेडफोन उचलले आणि स्वतःच कानांवर चढवले.

त्यांचा चेहरा धाकटीने आधी कधी तसा पाहिला नव्हता. दवाखान्यात, बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा ऐकू आलेल्या माणसाचा चेहरा होतो, तसा तो झाला.

"कुठून येऊ, म्हणतेय…" ते म्हणाले. "तिला वाट सापडत नाहीये."

धाकटीने हेडफोन काढून आपल्या कानांना लावले. तिचे कान तयारीचे होते. यंत्राच्या आवाजाखालचा आवाज तिला कळायचा. तिला वारा ऐकू आला, गवताची सळसळ ऐकू आली, कापडी नळ्याची फडफड ऐकू आली. त्याखाली काही नव्हतं. आणि मुळात या माणसाला हेही ऐकू यायला नको होतं. ती स्वतः तपासून बसली होती.

त्या संध्याकाळी अण्णांनी थोरलीचं काय झालं ते सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, पडला नाही. सकाळपाळीला निघताना ते जेवणाचा डबा घरी विसरले होते. दाट धुकं होतं, विमानं बंद होती. आईने डबा थोरलीच्या हाती दिला. क्वार्टर्समधून शेडपर्यंत यायचं म्हणजे गवतातली पायवाट आणि मग धावपट्टी ओलांडायची. पोरांच्या पायाखालची वाट ती. थोरली घरातून निघाली आणि शेडपर्यंत आली नाही. धुकं विरल्यावर सगळ्यांनी गवत पिंजून काढलं, कुंपणाबाहेरचे ओढे-खड्डे पाहिले, विहिरीत माणसं उतरवली. चप्पल नाही, डबा नाही, काही नाही. धुक्यात एकदा हाक ऐकू आल्याचं अण्णांना आठवत होतं. अण्णा, कुठून येऊ. तेव्हा त्यांनी शेडमधूनच ओरडून सांगितलं होतं, सरळ ये म्हणून.

"धुक्यात सरळ म्हणजे कुठे?" ते म्हणाले. "सांगायला हवं होतं नीट."

दुसऱ्या दिवसापासून ते नीट सांगू लागले.

धाकटी कामावरून आली तर ते हेडफोन लावून पडद्यासमोर बसलेले, आणि तोंडाने हळू हळू वाट सांगणं चाललेलं. थांब. पायाखाली डांबर लागतंय का बघ. नाही ना, मग अजून गवतातच आहेस. कुंपणाची तार हाताला लागेल, ती सोडू नकोस. पुढे दिवा येईल. मध्येच थांबत, ऐकत, मान डोलावत. पडद्यावर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. ते हेडफोन ओढून घ्यायचा धीर धाकटीला झाला नाही. जन्मभर उराशी बाळगलेलं ओझं म्हातारा उतरवून ठेवत होता. नवऱ्याला फोन केला तर तोही म्हणाला, बोलू दे त्यांना, बुडत्याला काडीचा आधार, त्यात तुझं काय जातंय.

एका दुपारी ते तिला आनंदाने म्हणाले, की थोरली शेडपाशी पोचली. मग चेहरा उतरला. शेडमध्ये कोणी नाही, म्हणते. खरंच, तिथे कोण असणार? आपण तर इथे राहतो. तेव्हा तिला सांगितलं, की अण्णा आता धाकटीकडे राहतात. फाटकातून बाहेर पड. रस्ता लागेल.

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. सिम्युलेटरमधला विमानतळ फाटकापाशी संपत होता. फाटकाबाहेरचा रस्ता त्यात नव्हताच.

पण अण्णा सांगत राहिले. रस्त्याने मोठ्या पुलापर्यंत. पुलाच्या कठड्याच्या बाजूने चाल, गाड्या जोरात येतात. पूल उतरलीस की बस थांबते ती जागा. तिथून डावीकडे. रोज थोडं थोडं. पाच-सहा वर्षांच्या पोरीला चालवेल तेवढंच. दमलीस का, बस जरा, असंही मध्ये म्हणत. आणि धाकटी स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीपलीकडून आपल्याच घराचा पत्ता ऐकत होती, रोज कालच्यापेक्षा जवळ आलेला.

त्यांच्या इमारतीच्या खाली औषधाचं दुकान होतं. अण्णांच्या गोळ्या घ्यायला ती गेली तर दुकानदार पायरी झाडत होता. वैतागलेला होता. म्हणाला, "वहिनी, बघा तरी. आसपास गवताची काडी नाही, आणि रोज पायरीवर ही कुसळं."

तिने खाली पाहिलं. पिवळी, लांब शेपटीची कुसळं, ओली, एकमेकांत गुंतलेली. लहानपणी फ्रॉकच्या घेरातून आई एकेक काढायची तशी. पायरीच्या त्या कोपऱ्यात गारठा होता. बाकी रस्ता कोरडा होता आणि तेवढी फरशी दव पडल्यासारखी ओली होती. दुकानदार म्हणाला, काचेवर आतून-बाहेरून वाफ धरते, तीही खालच्या अंगाला, पुसून पुसून हात दुखले.

गोळ्या न घेताच ती वर आली. अण्णांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन तिने विचारलं, थोरली कुठवर आलीय.

"औषधाच्या दुकानाशी थांबवलंय," ते म्हणाले. "म्हटलं, धाकटी कामावरून येऊ दे."

धाकटीने त्याच क्षणी ते फोल्डर शोधून पुसून टाकलं. कचरापेटीतूनही काढलं. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. आणि वळून पाहिलं तर अण्णा तिच्याकडे असे बघत होते, की जणू तिने कोणाला तरी गच्चीवरून ढकललं होतं.

त्यांनी जेवण सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. काही बोललेच तर एवढंच, की ती खाली उभी आहे, गारठ्यात. चमच्याने पेज भरवायला गेलं तर तोंड फिरवायचे. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले आणि वय झालंय म्हणाले. धाकटी कामाला जाताना-येताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायची. तरी नजर जायचीच. दुकानदाराने पायरीवर पोतं अंथरलं होतं, आणि पोतं भिजून काळं पडलं होतं.

तिने खूप विचार केला. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगायचं. पण भीतीच्या तळाशी दुसरंही काही होतं. कोणाचातरी घामेजलेला छोटा हात आपला हात धरून चालतोय, एवढीच थोरलीची एक आठवण तिच्याकडे होती. ती पोर खाली उभी आहे, आणि आपण पलीकडच्या कडेने जातो. शिवाय बाप डोळ्यांदेखत वाळत चालला होता. जे असेल ते असो, पोरगी आपलीच आहे, असं तिने मनाशी ठरवलं आणि एका उदास दुपारी वायर पुन्हा भिंतीत घातली. फाइल उतरवली. फोल्डर जागेवर ठेवलं. पट्टी भरली. अण्णांना धरून आणून स्टुलावर बसवलं.

या वेळी पडद्यावर धुक्याशिवाय काहीच आलं नाही. अण्णांनी हेडफोन लावले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पोरी, दुकानाच्या बाजूने जिना आहे," ते म्हणाले. "लिफ्टमध्ये नको जाऊस. बटणाला हात पुरायचा नाही तुझा."

मग एकेक मजला. कठडा धर. तिथे कुंड्या आहेत, ठेचकाळशील. अजून वर. आता डाव्या हाताचं दार.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि उठले. ज्याला आणायला धाकटीला दोन्ही काखेत हात घालावे लागले होते, तो माणूस भिंतीला हात न लावता दारापर्यंत चालत गेला. ती मागोमाग गेली. दाराच्या फटीतून गार हवा येत होती, ओल्या गवताचा वास येत होता. तिने कान दिला. जिन्यात काहीही नव्हतं. श्वाससुद्धा नव्हता.

अण्णांनी कडीला हात घातला आणि विचारलं, "आलीस?"

ते ऐकत होते. हसले. मग म्हणाले, "डबा आणलास का?"

पुन्हा ऐकलं. हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, मग आईबद्दल काहीतरी विचारलं, मग बंबाबद्दल. दरवेळी थांबत, ऐकत. हळूहळू त्यांचा हात कडीवरून खाली आला. मग त्यांनी कडी नीट आत सरकवली, वरची साखळी लावली, आणि पाठ दाराला टेकून उभे राहिले.

"अण्णा…?"

"आवाज तिचाच आहे," ते पुटपुटले. "काहीही विचारलं तरी एकच म्हणते. अण्णा, तुम्ही आत जा. धाकटीला दाराशी पाठवा."

धाकटी दारापासून एक पाऊल मागे सरली.

"थोरलीने तुला जन्मात धाकटी म्हटलं नाही," अण्णा म्हणाले. "ती तुला बाळी म्हणायची."

धाकटी ते विसरून गेली होती. ऐकल्याबरोबर आठवलं, आणि तिला रडू कोसळलं. ती दोघं बराच वेळ तिथेच दाराशी जमिनीवर बसून राहिली, बाप दाराला पाठ लावून आणि लेक त्याच्या खांद्यावर. फटीतून गार हवा येत राहिली.

दुसऱ्या सकाळी अण्णांनी मागून पेज घेतली. म्हणाले, अंगात थोडी ताकद हवी, काम आहे. आणि स्टुलावर जाऊन बसले.

आता ते उलटी वाट सांगत होते. नाही गं पोरी, चुकलीस तू. हे आपलं घर नव्हे. जिना उतर. सावकाश. दुकानावरून उजवीकडे. पुलाकडे चल. अगदी तशाच मऊ आवाजात, तशाच थांबत, दमलीस का विचारत. फक्त गालांवरून पाणी ओघळत असायचं, आणि ते पुसायचं भान त्यांना नसायचं. ती आपली नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण आवाज थोरलीचा होता, आणि त्या आवाजाला ते आपल्या तोंडाने पुन्हा धुक्यात नेऊन सोडत होते. कशासाठी, ते धाकटीला कळत होतं. ती चहा आणून ठेवायची आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची.

औषधवाल्याने एक दिवस आपण होऊन सांगितलं, की कुसळं यायची थांबली. पायरीही सुकली.

पण हे काम लवकर होणारं नव्हतं. जाताना ती अडून बसते, अण्णा सांगायचे, पुढे जायला तयार होत नाही. पुलापर्यंत न्यायला बरेच दिवस लागले. अण्णांची हाडं दिसू लागली होती. एका दुपारी धाकटीने त्यांना नेहमीपेक्षा मोठ्याने बोलताना ऐकलं.

"तिथेच उभी राहा," ते म्हणत होते. "हलू नकोस. मीच येतो न्यायला."

मग त्यांनी हेडफोन काढले, दाढी करून मागितली, धुतलेला सदरा घातला आणि जरा पडतो म्हणाले. धाकटी दिवेलागणीला उठवायला गेली तेव्हा ते गेलेले होते. चेहरा शांत होता. पांघरूण सारखं करताना तिचा हात त्यांच्या तळपायांना लागला. ते ओले होते, दवातून चालून आल्यासारखे.

नवऱ्याला जहाज सोडून येता आलं नाही. सगळं तिनेच निभावलं. मग ते फोल्डर पुसलं, कॉम्प्युटर झाकून ठेवला आणि त्या खोलीत आपलं शिवणाचं मशीन आणून मांडलं. दिवस जात राहिले. बसने पूल ओलांडताना ती डोळे मिटून घ्यायची, एवढंच. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं नव्हतं. काय सांगणार?

एका ढगाळ दुपारी ती शिवत बसलेली असताना नवऱ्याचा फोन आला. आवाजात हळवेपणा होता. म्हणाला, अण्णांची फार आठवण आली, म्हणून तुझा तो विमानतळ शोधून इथे लॅपटॉपवर बसवला. आणि हे तू छान केलंस.

"काय केलं?"

"अण्णांचा आवाज घातलास ना त्यात. धुक्यात कुठूनतरी येतो, वाट सांगत असतात. मला आधी कळेचना. मग पूल आला, औषधाचं दुकान आलं, लिफ्टमध्ये नको जाऊस आलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं बघ."

धाकटीचं पायडलवरचं पाऊल थांबलं. तिने विचारलं, वाट जायची सांगतात की यायची.

"यायचीच की. आपल्या घराची."

"दारापर्यंत ना?" ती म्हणाली. "दारापाशी संपतं ना ते?"

पलीकडे जहाजाच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. तो पुन्हा ऐकत असावा.

"नाही गं… पुढेही आहे. दार नुसतं लोटलेलं आहे, म्हणतात. आत आलीस की उजव्या हाताची खोली. दाराकडे पाठ करून बसलेली असेल." पुढचं ऐकून तो म्हणाला. "हाक मारू नकोस, म्हणतात. तशीच जवळ जा."